माझ्या फळीखालचे ठिपके

"एक पाय वर, तीन खाली. उभा आहेस की नाचतोयस?"

शिपाईकाका रोज सकाळी माझ्यावर टेकले की हेच पुटपुटत. मग कागदाची घडी करून माझ्या मागच्या डाव्या पायाखाली सरकवत आणि चहा पीत. दुपारपर्यंत ती घडी झाडूबरोबर निघून जाई, की मी पुन्हा डुलायला मोकळा. मित्रांनो, ही बोलणी खाणारा तो मी. मुख्याध्यापिकांच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर भिंतीला पाठ लावून असलेला एक जुना बाक.

माझा जन्म उरल्यासुरल्यातून झाला. शाळेचं मोठं टेबल करून सुताराकडे दोन फळ्या राहिल्या. त्याने त्यांना लोखंडी पाय जोडले, आठ नट आवळले, अंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, "लाकूड गुणी आहे. फक्त जोड अधूनमधून बघत जा." हे त्याने सांगितलं ते रिकाम्या व्हरांड्याला. त्यामुळे ते कोणी ऐकलं नाही.

पहिली काही वर्षं माझी चैन होती. पाहुणे माझ्यावर बसत, दरवर्षी पॉलिश मिळे. मग गादीच्या खुर्च्या आल्या आणि मी शिक्षेचा बाक झालो. "जा, बाहेर बाकावर बस" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही म्हणेन. जो मुलगा येई त्याच्या नावाची फाइल आत उघडे. त्यात काय फोडलं, कोणाला मारलं, कितव्यांदा, सगळं तारखेनिशी. एकजण माझ्यावर बसून सगळ्या शिक्षकांची चाल नुसत्या बोटांनी वाजवून दाखवायचा. एकीला पावलांच्या आवाजावरून कोण येतंय ते कळायचं. त्यांच्या फाइली जाड होत गेल्या, पण त्यात हे कुठे आलं नाही. मला तोंड असतं तर सांगितलं असतं. पण बाकाला कोण विचारतो?

मग आली खुडबुडी. हे नाव तिला वर्गाने दिलेलं. सातवीतली मुलगी, हाडं काटकुळी, नजर तिरकी. आठवड्यातून तीन-चारदा ती माझ्याकडे यायची आणि दर वेळी तिसऱ्या तासाला. तिसरा तास भाषेचा. वाचनाची पाळी ओळीने सरकत तिच्या बाकाशी आली, की कधी शाई सांडे, कधी पुढच्या मुलीची वेणी ओढली जाई, एकदा तर पुस्तकच खिडकीबाहेर गेलं. वर्गबाई तिला हाताला धरून आणत, माझ्यावर बसवत आणि तिच्याकडे न बघता निघून जात. त्यांच्या चालीत राग कमी आणि सुटका जास्त असे. ते मला कळे, पण का, ते कळत नसे.

खुडबुडी पाच मिनिटं बसे. मग खाली उतरून माझ्या पोटाखाली शिरे. येणारेजाणारे म्हणत, बघा, शिक्षेलाही जुमानत नाही. ती मात्र दप्तरातून मामाच्या पंपदुरुस्तीच्या दुकानातला पाना काढायची. नट आवळायचं ते लोखंडी अवजार. माझा एकेक नट ती बोटाने चाचपे, कान लावून हलवून बघे, आणि मग इतक्या हळू आवळे की मला सुताराचा हात आठवे. खिळ्याच्या टोकाने ती फळीच्या खालच्या बाजूला बारीक ठिपके कोरून ठेवायची. एका नटापाशी एक, दुसऱ्यापाशी दोन, कुठे ठिपक्याभोवती गोल, कुठे आडवी रेघ.

पंधरा दिवसांत माझं डुलणं थांबलं. मोठ्या बाई एकदा माझ्यावर टेकल्या, चकित झाल्या आणि शिपाईकाकांना म्हणाल्या, "बरं केलंत हो, दुरुस्त केलात." काकांनी तोंड उघडलं, मिटलं आणि चहा आणायला निघून गेले. खुडबुडीला पान्यासकट माझ्याखाली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण शाबासकी फुकट मिळाली तर ती परत कोण करतो?

त्याच सुमारास मंगळवारच्या बाई येऊ लागल्या. अभ्यासात अडलेल्या मुलांसाठी नेमलेल्या. तीन शाळा हिंडायच्या, आमच्या वाट्याला मंगळवार. बसायला खोली नाही, म्हणून त्या माझ्यावरच बसत. त्यांच्या कागदावर पहिला प्रश्न होता, "काय चांगलं येतं?" खुडबुडीने तो कागद ढकलून दिला. बाईंनी मग तोंडानेच विचारलं. ती म्हणाली, "काही नाही." बाई म्हणाल्या, बरं, मग पुढच्या मंगळवारी परत विचारीन. आणि खरंच विचारलं. चार मंगळवार. चौथ्या वेळी बाईंच्या पिशवीची चेन अडकली होती, ती पोरीने न बोलता सोडवून दिली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

पण पाचव्या मंगळवारी खुडबुडीचं दप्तर तपासलं गेलं आणि पाना सापडला. दप्तरात लोखंड! झालं. कोणाच्या डोक्यात घालणार होतीस, असं विचारलं. पालक म्हणून मामाला बोलावणं गेलं. आत खुर्च्या कमी पडल्या, म्हणून कितीतरी वर्षांनी मला उचलून खोलीत नेलं. माझ्यावर मामा, त्याच्या शेजारी पोर, समोरच्या खुर्चीत मंगळवारच्या बाई. टेबलावर फाइल, पाना आणि एक अर्ज. "आम्ही स्वखुशीने शाळेचा दाखला काढून घेत आहोत." खाली सहीची जागा.

मामाच्या बोटांना ग्रीस होतं. पेन धरण्याआधी त्याने ती पँटला पुसली. पोरीचं बोट माझ्या कडेखालचा नट चाचपत होतं. तिचं शाळेतलं नाव त्या एका सहीवर अडकलं होतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या बाकाची एकच विनवणी आहे. मला पॉलिश नको, खोलीत मानाची जागाही नको. कोणी डुलत असेल तर त्याला लाथ घालण्याआधी एकदा वाकून खाली बघा. सुताराने सांगितलं होतं, लाकूड गुणी आहे. त्या दिवशी कोणीतरी वाकावं म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो होतो.

"थांबा," शिपाईकाका म्हणाले. हातात चहाचा ट्रे, मान खाली. "बाक मी नाही दुरुस्त केला. त्या पान्याने हिनं केला. मी बघितलंय."

मोठ्या बाईंचा विश्वास बसेना. मंगळवारच्या बाई उठल्या, मामाला आणि पोरीला उठवलं आणि मामाच्या मदतीने मला उलटं केलं. माझं पोट पहिल्यांदाच उजेडात आलं.

"ही लाकडावर केलेली कोरीव नासधूस बघा आणि," मोठ्या बाई म्हणाल्या.

मंगळवारच्या बाई माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या. "हे काय आहे गं? मला शिकव की."

ती माझ्याजवळ सरकली. मग मामाकडे न बघता, माझ्या फळीवर बोट ठेवून बोलू लागली. एक ठिपका म्हणजे बारीक नट. दोन म्हणजे मोठा. गोल असला तर जास्त आवळायचं नाही, तिथलं लाकूड चिरतंय. आडवी रेघ म्हणजे आठ दिवसांनी परत बघायचं, कारण हा बोल्ट झिजलाय, दिसायला घट्ट वाटतो पण सुटतो. मामा माझा पाय धरून ऐकत होता. एका दमात एवढं बोलताना तिला त्या इमारतीत कोणीच ऐकलं नव्हतं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. आवाज जरा उतरला होता. "एवढं सगळं कळतं तुला. मग सरळ अक्षरांत का नाही लिहिलंस?"

पोरीचं बोट फळीवर तसंच राहिलं. मामा पान्याकडे बघू लागला. शिपाईकाकांनी कपबशा उगाच नीट लावल्या. मोठ्या बाईंनी फाइल उघडली, तिच्यातली सहा वर्षांची "वरच्या वर्गात घातले" ही ओळ त्यांच्या समोर आली आणि त्यांनी फाइल मिटली.

दाराशी उभ्या असलेल्या वर्गबाई पुढे आल्या आणि पोरीशेजारी खाली बसल्या.

"तिला वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "मला दोन वर्षं माहीत आहे."