दोघांत एक चेंडू

चेंडूवर बाबांच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, सकाळच्या पेस्टीचा, त्या खिमा-बटाट्याच्या भाजक्या करंजीचा तुपकट, धुक्यातल्या चंद्रासारखा... टॅमसिनने तो पुसला नाही. दोघांत मिळून एकच चेंडू – एक फटका तिचा, पुढचा बाबांचा, मग पुन्हा तिचा – अशी बापलेक दर रविवारी या वाळूच्या टेकड्यांवर गोल्फ खेळत आली होती, ती नऊ वर्षांची असल्यापासून. आजचा रविवार शेवटचा. उद्या विमान, आणि गुरुवारी स्पेनमधल्या स्पर्धेत पहिला फटका मारला की ती व्यावसायिक खेळाडू. मग क्लबातल्या या हौशी जोड्यांत तिला जागा नाही. आठवडाभर बाबा मोज्यांबद्दल बोलले, तिथल्या उन्हाबद्दल बोलले. ‘जा’ एवढं मात्र म्हणाले नाहीत. आणि तो एक शब्द मिळाल्याशिवाय तिकडे आपला हात उठेल का, हेच तिला कळत नव्हतं. खाली समुद्र पुटपुटत होता, वर चंडोल गात होता, आणि वाटत होतं, आपण चालत नाही आहोत – हे गवतच आपल्याला हलके हलके पुढे सरकवतंय.

“अगं, झोपलीस का?” लव्हडेबाई ओरडल्या. सत्तरी उलटलेल्या, समोरच्या जोडीत भाऊ हेडलीला दामटत खेळणाऱ्या. “आता आम्हा म्हाताऱ्यांचा कंटाळाच येणार म्हणा बाईसाहेबांना!”

“हरायला लागलीस की तुझं तोंड सुटतं, लव्हडे,” बाबा म्हणाले.

“हरतंय कोण? बरोबरीत आहोत, डेन्झिल! शेवटचा होल आहे. मार बघू.”

टॅमसिनचा पहिला फटका सरळ, लांब गेला होता. बाबांनी काठी उचलली, आणि चेंडू वाकडा होत झेंड्याच्या डावीकडच्या वाळूच्या खड्ड्यात जाऊन पडला.

“चुकलं, पोरी... माफ कर.”

ती थबकली. पहिल्याच वर्षी एक सोपा चेंडू हुकल्यावर ती माफी मागत रडली होती, तेव्हा बाबा समोर उकिडवे बसून म्हणाले होते, “जोडीत माफी मागायची नाही. तुझी चूक, माझी चूक, असं वेगळं नसतंच.” तेव्हापासून तो शब्द दोघांनीही काढला नव्हता – आई घर सोडून गेली त्या हिवाळ्यात करपलेली अंडी तिच्यापुढे ठेवतानासुद्धा नाही. आणि आज, दारात आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं... म्हणजे बाबांनी जोडी मोडली? की मोकळं केलं मला?

“बाबा—”

“मार. तुझी पाळी.” ते समुद्राकडे बघत काठी पुसत होते, ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

ती वाळूत उतरली. इतकी वर्षं प्रत्येक फटक्याआधी तिला झेंडा दिसायचाच नाही. दिसायचे ते पुढच्या फटक्याला उभे राहिलेले बाबा – उजवा गुडघा आखडलेला, म्हणून चेंडू उतारावर नको, त्यांना वाकायला लागेल असा नको... वाळू उडाली. चेंडू उन्हात चढला, आणि तो वर असतानाच तिच्या ध्यानात आलं की या वेळी बाबांचा गुडघा आठवलाच नाही. तिथे नुसता झेंडा होता, आणि हात त्या ‘जा’वाचूनच उठला होता. छातीत काहीतरी एकदम रितं झालं, पाणी ओसरलेल्या किनाऱ्यासारखं लांबरुंद, आणि त्यावरून वारा वाहू लागला – भीतीचा म्हणावा तर इतका गोड का, आणि गोड म्हणावा तर मी काठी अजून अशी घट्ट का धरलीय...