उपासनेनंतर माझा लिलाव

‘घरातलं पहिलं करडू देवाचं. त्यावर सवाल करायचा न्हाई.’ हा नियम माझ्या जन्माआधीचा. मी शेळी. कुरुंद्याच्या भिकाबाईच्या घरी पहिलं करडू म्हणून आले, म्हणजे जन्मतःच देवाची झाले. न्यायला मात्र कुणी आलं नाही.

यंदा मी व्याले. त्याच महिन्यात भिकाबाईची सून बाळंत झाली आणि अंथरुणाला खिळली. तिला दूध येईना. तेव्हापासून तिचा तान्हा मुलगा, सेवा नावाचा, माझ्या दुधावर आहे. माझ्या करडाला उरलंसुरलं मिळतं.

मग गावच्या चर्चला नवे पाळकसाहेब आले. म्हणाले, “देवाचं देवाला द्या, तो शंभरपट देतो. अडवून ठेवाल तर घरात दुखणी येतात.” भिकाबाईनं आजारी सुनेकडं पाहिलं आणि घाबरली. रविवारी मला चर्चमध्ये घेऊन आली. शंभर शेळ्या बांधणार कुठं, हे तिला कुणी विचारलं नाही. अंगणात खुंटा एकच आहे.

आमच्या मंडळीत अर्पण केलेल्या जनावराचा उपासनेनंतर लिलाव होतो. बहुतेकदा देणाराच बोली लावून आपलं जनावर परत नेतो. जनावर त्याचंच, पैसेही त्याचेच. माणसांना यात काही वावगं वाटत नाही.

मंडळीचा कारभार पाहणारे ‘वडील’ पुंजाजी यांनी माझं दावं धरलं. “दुधाची शेळी! बोला!”

“सात हजार,” मागून कुणीतरी म्हणालं. भिकाबाईनं कमरेची पिशवी चाचपली आणि खाली पाहिलं.

तिची मुलगी पूजा उठली. वसमतच्या कॉलेजात शिकते. तिनं पुंजाजींच्या हातातून दावं काढून घेतलं.

“ही लिलावात न्हाई, काका. सेवा हिच्या दुधावर हाय.”

“कालेजात हेच शिकून राहिली का? देवाची हाय ती!”

“देवाला दूध लागतंय का लेकराला?”

“पोरी, विश्वास ठेव,” पाळकसाहेब समजुतीनं म्हणाले. “शंभरपट मिळेल.”

“मग तो विश्वास तुमी ठेवा, साहेब. शेळी लेकराला द्या, शंभर तुमी घ्या.”

मागच्या बाया पदराआड हसल्या.

“गप बस!” पुंजाजी ओरडले.

“मंदिरात अर्पणाची कबुतरं विकणाऱ्यांना येशूनं काहून हाकललं, काका? अन् आमचीच शेळी आमी विकत काहून घ्यायची? मी पैसे देणार न्हाई. शेळीबी देणार न्हाई.”

पुंजाजींनी पाळकसाहेबांकडं पाहिलं. पाळकसाहेबांनी भिकाबाईकडं. ती नातवाला खांद्यावर घेऊन लेकीशेजारी येऊन उभी राहिली होती.

सकाळपासून माझी धार काढलेली नव्हती, कास तटतटली होती. मी ओरडले. पूजानं दावं हाताला गुंडाळलं आणि मला घराकडं वळवलं.