तिसरा प्रश्न

त्या दिवशीही दुभाषी बाई साडेआठच्या ठोक्याला सीमेवरच्या चौकीत हजर झाली. लेकीची वेणी घालून, "आईंची गोळी विसरू नका" असं नवऱ्याला दोनदा बजावून ती घरातून निघाली होती. चौकीच्या खिडकीतून पूल दिसे. पुलाच्या या टोकाला एक फाटक, त्या टोकाला दुसरं. मधली दीडशे पावलं कुणाचीच नव्हती.

आश्रय मागायला येणाऱ्यांसाठी तिथे एक छापील फॉर्म होता. त्यावर तीनच प्रश्न. नाव काय, कशासाठी आलात आणि परत गेलात तर जिवाला धोका आहे का. तिसऱ्याला कुणी "हो" म्हटलं की त्याची पूर्ण सुनावणी झाल्याशिवाय त्याला परत पाठवता येत नसे. म्हणून तो प्रश्न विचारायचाच नाही, अशी रीत पडून गेली होती. तसा लेखी हुकूम कुणी काढला नव्हता. दुसरं उत्तर झालं की चौकीचे साहेब "पुढचा" म्हणत आणि तिसऱ्या रकान्यात कारकून आपल्या हातानेच "नाही" लिही. तिन्ही प्रश्न विचारल्याची सही खाली दुभाषी म्हणून बाई करी. तिने पहिल्या वर्षी एकदा हटकलं होतं. "तुम्ही भाषा सांभाळा, कायदा आम्ही बघतो," असं उत्तर मिळालं. त्यानंतर सात वर्षं तिने भाषाच सांभाळली.

दहाच्या सुमारास रांगेतून एक सुईण आत आली. पन्नाशीची, ताठ पाठीची. सोबत पोटुशी सून. सुनेचं तोंड सुजलं होतं आणि ती भिंतीचा आधार घेत चालत होती.

सुईणीने आपल्या गावात दुसऱ्या जमातीच्या घरी जाऊन एक बाळंतपण केलं होतं. त्याबद्दल हत्यारबंद माणसांनी तिचं घर जाळलं आणि मुलाला ओढून नेलं. तो परत आला नाही. पण परक्यांपुढे रडगाणं गायचं नाही, भिकाऱ्यासारखं दिसायचं नाही, असं तिने वाटेतच ठरवलं होतं.

"कशासाठी आलात?" बाईने तिच्या भाषेत विचारलं.

"मी कुणावर भार होणार नाही," सुईण म्हणाली. "हातात कसब आहे. तीनशेवर पोरं या हातांवर जन्मली, पण एकानेही आभार मानले नाहीत. सगळी रडतच आली." ती जरा हसली. "पडेल ते काम करीन, असं साहेबांना सांगा."

बाईने शब्द न शब्द सांगितला. कारकुनाने लिहिलं: कामासाठी आली.

"पुढचा," साहेब म्हणाले.

सुईण जागची हलली नाही. "माझ्या सुनेला आधी डॉक्टर दाखवा. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. ही लक्षणं मी ओळखते. आकडी येईल तिला."

बाईने तेही सांगितलं. साहेबांनी मान वर न करता म्हटलं, "त्यांच्या बाजूलाही दवाखाने आहेत."

बाईच्या जिभेवर तिसरा प्रश्न आला होता. तिने साहेबांकडे पाहिलं, दाराबाहेरच्या रांगेकडे पाहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तासाभरात शिपायांनी दोघींना पुलावर नेऊन सोडलं. पलीकडच्या फाटकाने त्यांना आत घेतलं नाही. पळून गेलेल्यांना तिथे जागा नव्हती. भर दुपारी तापलेल्या डांबरावर सुनेला आकडी आली.

खिडकीतून ते दिसताच बाई धावत फाटकाशी गेली. "उघडा," ती शिपायाला म्हणाली.

"ताई, हुकूम नाही."

"मग मला तरी जाऊ द्या."

त्याने फाटक किलकिलं केलं. चौकीची ॲम्ब्युलन्स अलीकडे उभी होती, पण चालक फाटकापलीकडे गाडी न्यायला तयार नव्हता.

सुईण गुडघ्यांवर बसली होती. सुनेच्या दातांत तिने पदर कोंबला होता. "डोकं धरा हिचं," ती एवढंच म्हणाली. पुढचा पाऊण तास तिचे हात थांबले नाहीत. मूल आलं. मुलगी होती, चिमणीएवढी, पण रडली. तिची आई मात्र पुन्हा शुद्धीवर आली नाही. सुईणीने सुनेच्या गळ्याशी दोन बोटं टेकवली, बराच वेळ तशीच ठेवली आणि मग तिचे केस कपाळावरून मागे सारले.

"हिला लाजायची सवय होती," ती म्हणाली. "कधी ओरडली नाही. आज तरी ओरडायचं होतं."

मुलगी या बाजूच्या दवाखान्यात गेली. तान्ह्या जीवाबरोबर आजीलाही आत घ्यावं लागलं.

संध्याकाळी साहेबांनी बाईपुढे फॉर्म सरकवला. त्यांचाही चेहरा उतरला होता. "चौकशी होणार. तिन्ही प्रश्न विचारले होते, अशी तुमची सही लागेल."

"विचारले नव्हते."

"सात वर्षं सह्या केल्यात बाई. आजच काय झालं? घरी म्हातारं माणूस आहे तुमच्या."

"आहे ना," बाई म्हणाली. तिने फॉर्म परत सरकवला. "सही करणार नाही."

महिनाअखेर तिची नोकरी गेली. सुईणीची सुनावणी लागायला पाच महिने गेले. त्या दिवशी दुभाषी म्हणून दुसरंच कुणी होतं. बाई साक्षीदाराच्या जागी उभी राहिली. समोर सुईण नातीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने बाईकडे पाहिलं नाही.

न्यायाधीशांनी विचारलं, "चौकीत काय चुकलं, ते तुम्ही सांगणार आहात?"

"हो," बाई म्हणाली. "पण त्याआधी हे लिहून घ्या. हिच्याआधी मी किती जणांना तो प्रश्न विचारला नाही, ते मला आठवत नाही. ती माणसं पुढे जगली की मेली, हेही मला माहीत नाही."

न्यायालयाच्या कारकुनाची लेखणी क्षणभर थांबली. मग त्याने लिहायला सुरुवात केली.