कॅप न मिळालेली दाढ

मी एक दाढ आहे, खालच्या जबड्यातली, डावीकडची पहिली मोठी दाढ. होते म्हणा. आता मी डॉक्टरबाईंच्या टेबलावर काचेच्या बाटलीत पडून असते आणि मित्रांनो, खरं सांगते, माझा राग अजून गेलेला नाही. जिच्यासाठी जन्मभर चावलं, तिनंच मला तोंडघशी पाडलं.

एल आल्तो नावाच्या उंचावरच्या थंडगार शहरात कासिल्दा नावाची मुलगी राहायची. ती सहा वर्षांची असताना मी तिच्या तोंडात उगवले. दुधाचे दात जागच्या जागी होते, मी त्यांच्या मागे गुपचूप आले. माझ्यासाठी कुठला दात पडला नाही, त्यामुळे मी नवी, कायमची आहे हे कुणाला कळलंच नाही. कासिल्दाची आई म्हणाली, "किडली तर किडू दे. दुधाची आहे, पडेल आपोआप." अहो, मी दुधाची कुठली! मी जन्माची सोबतीण. पण सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेला बहुतेक घरांत असंच समजतात, आणि ब्रश तिच्यापर्यंत पोचतच नाही.

कासिल्दा मोठी झाली. घेरदार झगा, खांद्यावर शाल, डोक्यावर गोल टोपी अशा थाटात ती बाजाराच्या कोपऱ्यावर आपी विकायला बसू लागली. आपी म्हणजे जांभळ्या मक्याचं घट्ट, गरम पेय, साखर अगदी सढळ हातानं घातलेलं. गिऱ्हाईक नसलं की बाई स्वतःच घोट घोट पीत बसायची. मी तिचं सगळं चावलं. वाळवलेले बटाटे, सुकं मांस, उकडलेला मका, कशाला म्हणून नाही म्हटलं नाही. एकदा तिनं बाटलीचं झाकण माझ्याखाली धरून उघडलं आणि चारचौघींत ओरडली, "बघा माझी दाढ! लोखंड आहे लोखंड!" त्या एका कौतुकावर मी कितीतरी वर्षं काढली. वेडी मी.

शेवटी साखरेनं मला पोखरलंच. कीड आतल्या नसेला जाऊन भिडली तेव्हा मी ठणकू लागले. मित्रांनो, दुखणं हीच दाढेची बोली. दुसरी भाषा आम्हाला येत नाही. मी ओरडले की कासिल्दा गालात कोकाची पानं धरायची, त्यांनी गाल बधिर व्हायचा. सूज आली की औषधाच्या दुकानातून गोळ्या आणायची. सूज उतरली की माझी आठवणही उतरली! गोळीनं सूज ओसरते हो, पण आतली सडकी नस कुठे जाते? ती तिथेच राहते आणि पुन्हा डोकं वर काढते.

तिची एक जिवाभावाची मैत्रीण होती, हिलारिया. कासिल्दाच्या मुलीची ती धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेली आई, त्यामुळे घरात तिचा शब्द चालायचा. दातांच्या दवाखान्यात सुचवलेल्या रूट कॅनलचं कासिल्दानं नाव काढताच ती किंचाळली.

"अगं बाई! जिवंत नस उपटतात म्हणे! माझ्या भावजयीचा भाऊ खुर्चीतून उठून पळाला. त्यापेक्षा सरळ काढून टाक. नाहीतरी तोंड तुझं बोलण्यातच झिजतंय."

"तू गप गं," गाल धरून कासिल्दा म्हणाली. "मला चावायला लागते ती. माझी दाढ मी काढू देणार नाही."

हे ऐकलं आणि मी विरघळले. हिच्यासाठी आता काहीही सोसायचं, असं मी ठरवलं.

सोसायला फारसं काही नव्हतंच. डॉक्टरबाईंचं नाव रोसियो. त्यांनी सुई देऊन जागा बधिर केली, आणि मग त्या बारीक बारीक सुयांसारख्या हत्यारांनी माझी मुळं आतून साफ करत होत्या तेव्हा कासिल्दा चक्क घोरत होती. सडलेली नस निघाली. पोकळ नळ्या औषधी पाण्यानं धुतल्या आणि रबरासारख्या पदार्थानं गच्च भरल्या. वर तात्पुरतं सिमेंट बसलं. एक्स-रे फोटोत सगळं नीट दिसल्यावर डॉक्टरबाईंनी खुर्ची सरळ केली.

"कासिल्दाबाई, कान देऊन ऐका. एक-दोन दिवस ठुसठुसेल, घाबरू नका. नंतर हिला दुखणार नाही, आणि धोका तिथेच आहे. आतून कोरल्यामुळे ही आता कमजोर झालीय. वरचं सिमेंट चार दिवसांचं पाहुणं. कॅप बसेपर्यंत या बाजूनं कडक काही चावू नका. आणि कॅप बसवलीच पाहिजे, नाहीतर ही तडकेल, तुम्हाला पत्ताही लागणार नाही."

"येणार म्हणजे येणार, डॉक्टरबाई! माता मारियेची शपथ!"

त्या शपथेवर मी माझी वाचा सोडली. मनात म्हटलं, आपण मुकं झालो तर झालो, मालकीण आहे ना लक्ष ठेवायला.

कॅपचं माप द्यायच्या दिवशी कासिल्दा खरंच निघाली होती. दवाखान्याच्या जिन्याखालीच हिलारियानं तिला गाठलं.

"कुठे चाललीस?"

"कॅपचं माप द्यायला."

"दुखतंय का?"

"छे! मुळीच नाही."

"मग कशाला जातेस? सण तोंडावर आलाय! आपल्या नाचाच्या ताफ्यातल्या सगळ्याजणींनी पुढच्या दातावर सोन्याचा तारा बसवलाय. झगा सारखा, शाल सारखी, आणि तू एकटी पांढरे दात दाखवत नाचणार? लोक म्हणतील, आपीवालीचं दिवाळं निघालं."

"पण दाढ..."

"दाढ काय नाचणार आहे? मागचं दिसतं कुणाला!"

आणि माझी कासिल्दा हसली. मी त्याच तोंडात होते हो, माझ्यासमोर हसली! दोन्ही खर्च एका वर्षात झेपणारे नव्हते. दोघी तशाच वळल्या आणि त्याच गल्लीत सोन्याचे दात बसवणाऱ्या कारागिराकडे गेल्या. पुढचा एक धडधाकट दात, बिचाऱ्याला काही झालेलं नव्हतं, त्याला घासून सोन्याचं कवच चढवलं. मधोमध तारा. ज्याला काही नको होतं त्याला सोनं, आणि जिला टोपणाची गरज होती ती उघडी. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय?

दवाखान्यातून फोन यायचे. "दुखत नाही हो," कासिल्दा म्हणायची, "सण होऊ द्या, येते." हळूहळू माझ्यावरचं सिमेंट झिजलं आणि फटीतून गोड आपी आत झिरपायला लागली. मला सगळं कळत होतं, सांगता काही येत नव्हतं. बडा घर पोकळ वासा, अशी आमच्या तोंडाची गत झाली होती.

सणाच्या दिवशी रस्ता दणाणून गेला. पितळी वाद्यं, ढोल, एका रंगाच्या झग्यांच्या रांगाच रांगा. कासिल्दा गर्रकन फिरायची, हसायची, तारा चमकायचा, आणि बघणारे वाहवा करायचे. नाच थांबला तेव्हा हिलारियानं भाजलेल्या वालाच्या कडक दाण्यांची मूठ पुढे केली. कासिल्दानं दोन दाणे तोंडात टाकले. टाकले ते नेमके माझ्यावर.

कडाड्! मी वरपासून मुळापर्यंत उभी चिरले.

"काय गं, काय वाजलं?" हिलारियानं विचारलं.

"दाणा कडक होता," कासिल्दा म्हणाली. गालात सकाळपासून कोकाची पानं, पोटात बिअर, आणि माझ्यात नस नाही. तिला कळणार तरी कसं? माझा एक तुकडा तिनं दाण्याबरोबर गिळला आणि पुन्हा नाचायला गेली.

चिरेतून घाण आत गेली, हाडाशी पू झाला. एका सकाळी कासिल्दाचा गाल एवढा सुजला की आपीच्या गाड्यावर तिला शालीत तोंड लपवून बसावं लागलं. तेव्हा आठवले दवाखान्याचे जिने.

रोसियोबाईंनी तोंडात पाहिलं. पुढचा तारा पाहिला, मग मला पाहिलं.

"कॅप कुठाय?"

"दुखत नव्हतं ना, डॉक्टरबाई..."

"नव्हतंच दुखणार! मी काय सांगितलं होतं?"

"जोडा ना हो हिला. आता बसवते कॅप, आज बसवते!"

"मूळ उभं चिरलंय, बाई. याला जोड नाही. वेळेवर कॅप बसली असती तर ही तुमच्याबरोबर म्हातारी झाली असती. आता काढावीच लागेल."

कासिल्दा ढसाढसा रडली. खरंच रडली, ते मी नाकारत नाही. मला काढल्यावर तिनं मला तळहातावर घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. मला वाटलं, आता तरी माफी मागेल.

"मेले, एकदा तरी ओरडली असतीस!" ती म्हणाली. "एवढी चिरलीस आणि मला कळूसुद्धा दिलं नाहीस? धोका दिलास गं मला."

मित्रांनो, धोका मी दिला म्हणे!

तिनं मला तिथेच ट्रेमध्ये टाकलं. डॉक्टरबाईंनी मला धुऊन बाटलीत ठेवलं. "आता दुखत नाही, मग परत कशाला येऊ?" असं कुणी म्हटलं की त्या माझी बाटली त्याच्या हातात देतात. तुम्हीही बघा मला, नीट बघा. रूट कॅनलला घाबरू नका, त्यानं दाढ वाचते. पण ते अर्ध्यावर सोडू नका, कॅप टाळू नका, आणि दुखणं थांबलं म्हणजे सगळं बरं झालं असं समजू नका. घरात सहा वर्षांचं पोर असेल तर त्याच्या मागच्या दाढेवरूनही ब्रश फिरवा.

आणि मला कुणी विचारलंच, तर मी माझी ती ठणकणारी नस परत मागेन. दुखत होते तेव्हा निदान कासिल्दा गालाला हात तरी लावायची.