डावा कौसाबाईचा, उजवा चांगुणाचा

अंबरनाथ पश्चिमेला पिठाच्या गिरणीशेजारी ‘चांगुणा ब्यूटी पार्लर’ अशी पाटी लागली तेव्हा लोक हसले. रोझी ठेव, ब्लू मून ठेव, हे काय गावंढळ! चांगुणा म्हणाली, “आजीचं नाव मला मिळालं, माझं मी दुकानाला दिलं. ज्याला रोझी पाहिजे त्यानं रोझी शोधावी.” वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर. चालू यंत्राला बोट लावायचं नाही आणि बिघडलं की शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडून बघायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात बिघडलं.

बदलापूर गावातली विठाबाई लेकीला घेऊन दारात उभी राहिली. लेक अंजनी, लग्न पंधरवड्यावर आलेलं. लग्नाआधी एकदा करून बघू म्हणून मागच्याच आठवड्यात ती हाताचं वॅक्सिंग करून गेली होती. विठाबाईनं ओढणीखालून पोरीचे दोन्ही हात ओढून काढले. मनगटापासून कोपरापर्यंत केसागणिक पुळी, लाल, वर पांढरं टोक.

“गुळगुळीत करून देते म्हणालीस ना? कणीस झालंय बघ, कणीस!”

“केसतोड आहे,” चांगुणा म्हणाली.

“ते आमाला पण दिसतंय गो. कुणामुळं?”

उन्हामुळं म्हणता आलं असतं. घामामुळं, हळव्या कातडीमुळं, काहीही.

“माझ्यामुळं,” चांगुणा म्हणाली. “बसा. आणि बरं पण मीच करणार. लग्नात ही अर्ध्या बाह्यांचं पोलकं घालणार, तुम्ही बघा.”

विठाबाई बसली. पण बसताना म्हणाली, “नाय झालं बरं, तर बदलापुरातली एक बाई तुझी पायरी चढायची नाय. मी चढू देणार नाय.”

फक्त बाहेरून लावण्यासाठी

औषधाच्या दुकानदारानं विचारायच्या आत एक ट्यूब काउंटरवर ठेवली. “ये लो, सगळ्यावर चालतं. खाज, डाग, पुळ्या, गोरेपणा.”

“सगळ्यावर चालतं ते मला नको,” चांगुणा म्हणाली आणि अंजनीला रिक्षात घालून उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या सिंधी डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी भिंग लावून हात बघितले. मग अंजनीला नाही, चांगुणालाच प्रश्न.

“पट्टी कौनसी लगाती हो?”

“जीनची.”

वॅक्सवर दाबून ओढायच्या पट्टीसाठी ही चांगुणाची स्वतःची युक्ती. कॅम्प पाचमध्ये जीन शिवणाऱ्यांकडे कात्रणांचे ढीग पडलेले असतात. ती कात्रणं आणायची, सरळ कापायची. कितीही जोरात ओढा, फाटत नाहीत. एकीचं झालं की बादलीत धुवायची, मागच्या दोरीवर वाळवायची, दुसरीला लावायची. या युक्तीचा तिला फार अभिमान होता.

“धोती हूँ मॅडम, सोडा डालके.”

“अरी, धुली हुई और उबली हुई में फर्क है. इतना मोटा कपडा, अंदर तक सूखता भी नहीं. एक का पस दूसरी को.”

चांगुणाचे कान तापले. तरी तिनं मान खाली घातली नाही. पुढचं नीट ऐकायचं होतं. बाईंनी लिहून दिलं ते साधं अँटिबायोटिक मलम. गोरं करणारं मिश्रण बिलकुल नको, त्यानं उलट पसरेल. साबणपाण्यानं धुवायचं, टिपायचं, पातळ थर लावायचा, सकाळ-संध्याकाळ. फोडायचं नाही. तेल नाही. ताप आला किंवा गाठ धरली तर परत यायचं, मग गोळ्या लागतील.

पार्लरवर येऊन चांगुणानं पट्ट्यांची बादली कचऱ्यात उपडी केली.

तेल लावू नये

बदलापूरच्या घरात मात्र कौसाबाई बसली होती. अंजनीची आत्या. गावात कुणाचीही हळद तिच्याशिवाय सुरू व्हायची नाही. तिच्यासमोर वाटीत हळद, खोबरेल आणि कणीक रटरटून पोटीस तयार होतं.

“ही काय लावते?” तिनं ट्यूब उलटीसुलटी केली. “नखाएवढं मलम आणि म्हणं डॉक्टर.”

“आत्या, तेलानं तोंड बंद होतं पुळीचं.”

“तुझा जनम व्हायच्या आधीपासून गावाचे केसतोड मी काढते गो. तू केस काढ.”

“केस पण काढते आणि केलेलं निस्तरते पण.”

विठाबाई एकदा नणंदेकडे बघे, एकदा ट्यूबकडे. शेवटी ज्या पोरीचे हात होते तीच कंटाळली.

“दोन हात हायेत ना मला?” अंजनी म्हणाली. “डावा आत्याचा, उजवा चांगुणाताईचा. आता भांडू नका.”

डावा. उजवा.

डावा: गरम पोटीस, वर एरंडाचं पान, वर फडकं.

उजवा: साबण, पाणी, टिपणं, मलम. झालं.

डावा: कौसाबाईनं सुईनं एक फोडली. “घाण भायेर आली पायजे.”

उजवा: काही नाही. “कंटाला येतो तुझा हात बघून,” कौसाबाई म्हणाली, “कायच घडत नाय त्यात.”

शेजारच्या म्हाताऱ्या येऊन डाव्या बाजूला बसत, पोरी उजव्या. कुणीतरी हातांचं नवऱ्या मुलाकडे कळवायची धमकी दिली. चांगुणा सकाळी पार्लर उघडायच्या आधी आणि बंद केल्यावर बदलापूरला येऊन जाई, आपला हात करून.

उजवा: टोकं सुकली. लाली उतरली. खपल्या.

डावा: फोडलेल्या जागेभोवती आणखी सात-आठ. कोपराजवळ सुपारीएवढी गाठ.

त्या दिवशी उजवीकडच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. अंजनी हसली नाही. डावा हात वर धरून बसली होती, खाली सोडला की ठणकायचा. चांगुणाही हसली नाही.

“आत्या,” ती म्हणाली, “मी जिंकले म्हणजे पोरीचा एकच हात बरा झाला. एका हातानं लग्न लागतं का? मला हा पण द्या.”

कौसाबाई वाटी ढवळत राहिली. “आज हात मागतेस. उद्या म्हणशील हळद नको.”

आता सगळं इथं अडलं. हळदीला अख्खा गाव येणार. शंभर हात पोरीच्या अंगावर तेल-हळद चोळणार, नुकत्या सुकलेल्या उजव्यावरही. हळद लावू नका म्हणावं, तर कौसाबाई उठून जाणार, आणि तिच्यामागून लग्नही अडणार.

“मला तुमची रीत ठाऊक नाही,” चांगुणा म्हणाली. “हळद कुठं कुठं लावतात, सांगा ना.”

कौसाबाई सरसावली. “आंब्याच्या पानानं लावतात. आधी पाय. मग गुडघे. मग खांदे. मग कपाळ. पाच सवाशिणींनी.” ती थांबली.

“हाताला?”

“हाताला…” कौसाबाई भावजयीकडे बघू लागली. विठाबाई छताकडे. “हाताला या पोरी चोळतात. मस्ती. रीत नाय ती.”

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. तिनं पोटिसाची वाटी उचलली आणि स्वतः मोरीत नेऊन विसळली.

गाठीसाठी त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडून गोळ्या आणल्या; बाकी डाव्यालाही मलम.

दुखऱ्या जागी चोळू नये

हळदीच्या संध्याकाळी उजवा हात स्वच्छ होता. डाव्याची गाठ बसली होती, काही खपल्या उरल्या होत्या. अंजनी पाटावर बसली, दोन्ही हात मांडीवर पदराखाली. कौसाबाईनं पान बुडवलं. पाय, गुडघे, खांदे, कपाळ. सवाशिणी झाल्या आणि मग पोरी मुठी भरून धावल्या.

“हाताला कोन शिवंल त्याचा हात मोडीन!” कौसाबाई पाटासमोर आडवी उभी राहिली.

“आत्या, एवढी भिजवलीय हळद! मग कुणाला लावू?”

कौसाबाईनं मांडवभर नजर फिरवली. “ती बसलीय ना मलमवाली. तिचे हात बरे हायेत.”

चांगुणा उठायच्या आत चौघींनी तिला धरलं. एका हाताला कोपरापर्यंत, मग गळ्यापर्यंत, कानामागे. अंजनी पाटावर बसून हसून हसून वाकली. विठाबाईनंही एक मूठ आणली आणि चांगुणाच्या गालावर फासली, जरा जोरातच.

चोळता चोळता एक पोरगी कानाशी म्हणाली, “ताई, माझं पुढच्या महिन्यात हाय. पट्टी कसली लावशील?”

“साधी सुती. तुझ्यासमोर कापीन, तुझं झालं की तुझ्यासमोर टाकीन.”

“आणि दुखणार नाय ना?”

“दुखणार,” चांगुणा म्हणाली, आणि हळद लागायचा राहिलेला हात तिनं पुढे केला.