रेघेपलीकडचं इंजिन

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि सुगंधा दचकली. दूध उतरवून ती पुन्हा कागदांवर वाकली. केळी संघाच्या कॉम्प्युटरसाठी ती धरून तिघं मिळून एकच प्रोग्राम लिहीत होते. लेक मिनी लहान, म्हणून सुगंधा घरूनच लिहायची. तिघांना नियम एकच. ओळ कागदावरच्या लाल रेघेच्या आत संपली पाहिजे. पलीकडचं अक्षर कॉम्प्युटर वाचत नाही, आणि तसं सांगतही नाही.

मागच्या महिन्यात तिची एक ओळ पलीकडे गेली आणि रिकाम्या पेट्यांचं वजन वजा व्हायचं राहिलं. "पुन्हा झालं, तर ऑफिसात बसूनच लिहावं लागेल," संघाच्या ऑफिसातले वनाभाऊ म्हणाले होते. मग मिनीला कुणापाशी ठेवायचं?

दारात त्यांची लूना थांबली, आणि नेमकी तेव्हाच तिला शेवटच्या पानावर तशीच एक ओळ दिसली. तिनं घाईघाईनं ती खोडली आणि मोडून दोन ओळींत लिहिली.

"बठ्ठं आत शे ना, ताई?"

सगळं रेघेच्या आत आहे ना, असं विचारतच वनाभाऊ पट्टी लावून एकेक पान तपासू लागले. शेवटच्या पानावर त्यांचा हात थांबला. सुगंधानं वाकून पाहिलं. रेघेपलीकडे निळ्या पेन्सिलीनं काढलेलं इंजिन होतं, धुरासकट.

"राहू द्या," ते हसले. "मशीनला ते दिसायचंच नाही."

कागद घेऊन ते गेले. मिनी पदराला बिलगली.

"आई, मशीनला नाही दिसलं, तर मग माझं इंजिन कोण बघणार गं?"