वासे : नकाशाप्रमाणे

“आठ हजार!” एल्मा केटोला म्हणाली आणि तिने छापील नकाशाच्या घड्या वखारीच्या गल्ल्यावर उलगडल्या. “हे बघ, इथं लिहिलंय. आठ हजार डॉलरांत घर. बेचाळीस डॉलर मोजून मासिकातून मागवलाय नकाशा. खोटं असेल तर आत्ताच सांग.”

“मासिकात केस उगवायचं तेलसुद्धा येतं,” रेनो सालमेला म्हणाला आणि त्याने टोपी उचलून आपलं टक्कल दाखवलं.

एल्मा हसली, पण बोट आकड्यावरून हललं नाही.

रेनो त्या वखारीत सत्तावीस वर्षं अंदाजपत्रकं करत होता. गिऱ्हाइकाने नकाशा आणायचा, रेनोने त्यातलं लाकूड, खिळे, पत्रे, काचा मोजून यादी करायची आणि खाली आकडा लिहायचा. त्याच्या यादीवर बांधलेल्या घराला दुसऱ्यांदा माल न्यावा लागला, असं सहसा होत नसे. त्याला स्वतःबद्दल अभिमान वाटावा अशी ती एकच गोष्ट होती, आणि तीही तो कुणाला बोलून दाखवत नसे.

एल्मा शाळेत त्याच्या दोन वर्षं मागे होती. पुढे ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात लागली आणि एकतीस वर्षं रोज सव्वाशे माणसांचं जेवण रांधत राहिली. राहायची एका धोबीखान्याच्या वरच्या भाड्याच्या खोलीत. आता ती निवृत्त झाली होती आणि धोबीखाना विकला गेला होता. गावाबाहेर नऊ मैलांवर भावाने मरताना ठेवलेला जंगलाचा तुकडा तिच्या नावावर होता. सोळा फूट बाय चोवीस फुटांची खोपी तिथे बसणार होती. नकाशावर तिने पेन्सिलीने पिठाचा डबा कुठे, शिवणयंत्र कुठे, हे आधीच लिहून ठेवलं होतं.

“बांधणार कोण?” रेनोने विचारलं.

“माझा भाचा वेन आणि चर्चमधले दोघं. त्यांना जेवू घालीन, झालं. तू फक्त मालाचं सांग.”

रेनोने तीन दिवस घेतले. नकाशा दक्षिणेतल्या कुठल्याशा कंपनीने काढलेला होता. तिथे बर्फ पडलाच तर मुलं शाळा बुडवून तो बघायला बाहेर येतात. चित्रातल्या घरामागे झाडं होती, धुराड्यातून धूर निघत होता, छप्पर मात्र कोरडं ठणठणीत होतं. वासे दोन बाय सहा इंचांचे आणि दोन-दोन फुटांवर. इथे उत्तरेत सरोवरावरून वारा सुटला की एका हिवाळ्यात वीस-वीस फूट बर्फ पडतो. रेनोने वासे दोन बाय दहाचे धरले, सोळा-सोळा इंचांवर, आढ्याखाली दोन खांब घातले, आणि पाया गोठणाऱ्या मातीच्या खाली नेला.

“चौदा हजार साडेसातशे,” तो म्हणाला.

एल्माने यादी वाचली. एकेका ओळीवर बोट ठेवत, भाजीवाल्याचं बिल वाचावं तशी.

“माझ्याकडे बारा आहेत. बारा म्हणजे बारा. वर एक डॉलर नाही.”

“बँकेत विचारून बघ.”

“त्रेसष्ट वर्षांच्या स्वयंपाकिणीला बँक काय देते ठाऊक आहे? कॅलेंडर.” ती स्टूल ओढून बसली. “हे बघ रेनो. सूप पुरत नसलं की मी त्यात पाणी घालायचे. रोग्यांना कळायचं, पण कुणी उपाशी राहायचं नाही. तुझ्या यादीत पाणी कुठं घालता येईल, ते सांग.”

त्यांनी समोरचा ओटा काढला, अकराशे कमी झाले. आतल्या भिंतींच्या फळ्या काढल्या, पाचशे वीस गेले. पाया कमी करता येईना. त्याला हात लावला असता तर थंडीने फुगलेल्या जमिनीने पहिल्याच वर्षी घर उचललं असतं. धुराड्याचा पाइपही सोडता येईना. तरी तेरा हजार एकशेतीस राहिलेच.

“हे काय?” तिचं बोट छपरावर येऊन थांबलं. “नकाशात सहाचे आहेत, तू दहाचे का धरलेस?”

“बर्फ, एल्मा.”

“सहाचे घेतले तर?”

“अकराशे नव्वद वाचतात. पण मी घेऊ देणार नाही.”

“माझ्या बापाच्या घराला कसले वासे होते? जंगलातून तोडून आणलेले. मी पाच वर्षांची असल्यापासून छपरावरचा बर्फ ओढतेय. प्रत्येक वेळी ओढून काढीन, साचू देणारच नाही. मग?”

रेनोने पेन्सिल कानामागे खोचली, परत काढली. शिकारीची खोपी म्हणून कागद केला तर बांधकाम तपासायला सरकारचं कुणी येत नसे, हे दोघांनाही माहीत होतं.

“मग मी जाऊ कुठं, ते तरी सांग,” ती हळू आवाजात म्हणाली. “वेनकडे? त्याच्या बायकोला मी पाणी प्यायले तरी खुपतं.”

त्याने जुनी ओळ खोडली. नवीन लिहिली : वासे – नकाशाप्रमाणे. खाली आकडा, अकरा हजार नऊशे चाळीस. एल्माने सही केली आणि उरलेल्या साठ डॉलरांत चुलीची एक चांगली सळई येईल का, असं विचारलं.

ऑगस्टअखेर घर उभं राहिलं. रेनो बघायला गेला तेव्हा तिने त्याला दारातच थांबवलं, आत जाऊन दार लावून घेतलं आणि आतून ओरडली, “ठोठाव!” त्याने ठोठावलं. “कोण आहे?” तिने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाला तरी हे आपल्या दारातून विचारायचं होतं. मग तिने वेलदोड्याचा गोड पाव आणि कॉफी दिली. रेनोचं लक्ष वर जात राहिलं. तिच्या ते ध्यानात आलं.

“माझ्याकडे बघून खा,” ती म्हणाली.

पहिला हिवाळा नीट गेला. लांब दांड्याचं फावडं घेऊन ती दर बर्फानंतर छपरावरचा थर ओढून काढायची आणि वखारीत फोन करायची, “तुझे वासे खुशाल आहेत.” दुसऱ्या वर्षी डिसेंबरात टपाल कचेरीच्या पायऱ्यांवर ती घसरली आणि उजवं मनगट मोडलं. तेव्हापासून दर रविवारी रेनो जाऊन छपरावरचा बर्फ ओढू लागला. त्याला पासष्ट संपलं होतं, खांदे भरून यायचे. ती खिडकीतून डाव्या हाताने खुणा करायची, इकडे राहिलं, तिकडे राहिलं.

जानेवारीत एका रविवारी तो छप्पर साफ करून आला आणि रात्रीपासून वारा फिरला. सोमवार, मंगळवार बर्फ थांबलाच नाही. रस्ता बंद झाला. मंगळवारी त्याने फोन लावला.

“वेनकडे जा, एल्मा. बर्फगाडीवाल्याला सांगतो, तो घेऊन जाईल.”

“चूल पेटलीय, वाटाण्याचं सूप आहे. कशाला उगाच?”

“छप्पर काय म्हणतंय?”

“कुरकुरतंय थोडं. म्हातारं माणूस कुरकुरतंच.”

बुधवारी दुपारी रस्ता मोकळा झाला. त्या दिवशी वखारीत वर्षाच्या साठ्याची मोजदाद होती. मालकाला म्हटलं असतं तर मालकाने सोडलं असतं. तसा तो वाईट नव्हता. रेनोने म्हटलं नाही. पाच वाजेपर्यंत त्याने प्लायवूड मोजलं. बाहेर पडला तेव्हा अंधारलं होतं, खांदे ठणकत होते, आणि बर्फ थांबला होता. बर्फ थांबलाय, आता सकाळी उजाडताच जाऊ, असं त्याने ठरवलं.

गुरुवारी सात वाजता तो पोचला तेव्हा चारही भिंती उभ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये बर्फ होता. छप्पर बुधवारी संध्याकाळीच कधीतरी बसलं असावं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. शेरीफची माणसं येईपर्यंत रेनोने हातांनी, मग फावड्याने उकरलं. वासे बरोबर मध्यावर मोडले होते, एकापाठोपाठ एक, सगळे सारखे. एल्मा चुलीजवळ होती. अंगावर कोट होता, पायात बूट होते, एकाचीच नाडी बांधलेली. एका हाताने बांधायला वेळ लागतो.

शेरीफच्या माणसाने वहीत लिहिलं, बर्फामुळे. त्या आठवड्यात तालुक्यात दोन गोठे आणि एक गॅरेजही बसलं होतं.

रेनोने फाइलीतून तो कागद काढला आणि वेनच्या घरी नेला. “हे मी लिहिलंय,” तो म्हणाला, आणि खोडलेली ओळ व खालची नवी ओळ त्याला दाखवली.

वेनने कागद वाचला. “खाली मावशीची सही आहे ना?”

“आहे.”

“मग तुमचं काय यात, मिस्टर सालमेला? तिने मागितलं ते तुम्ही दिलंत. ठोकले तर मीच ना ते वासे.” त्याने कागद परत केला. “घरात आणू नका हे. बायको आधीच रडतेय.”

रेनोने कागद घडी घालून खिशात ठेवला. कुणी शिवी दिली असती तर त्याला काही उत्तर देता आलं असतं.

हिवाळ्यात जमीन दगडासारखी होते, खणता येत नाही. इथली माणसं जानेवारीत मेली तर मे महिन्यापर्यंत कबरस्तानातल्या दगडी कोठीत ठेवतात. त्या वर्षी कोठीत पाच पेट्या होत्या. प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी झाली, इस्पितळाच्या स्वयंपाकघरातल्या बायका एकमेकींना धरून बसल्या होत्या. नंतर एल्माची पेटी कोठीत गेली आणि पॅस्कोने, कबरस्तानाच्या राखणदाराने, लोखंडी दार लावलं.

पुढच्या रविवारी सकाळी पॅस्को रस्ता झाडायला आला तर कोठीच्या छपरावर माणूस उभा. शिडी भिंतीला टेकलेली.

“कोण रे तो? उतर खाली!” तो ओरडला, मग जवळ येऊन थबकला. “रेनो? अरे, काय करतोयस?”

“दोन फूट साचलाय,” रेनो म्हणाला.

“दगडी कमान आहे ती! माझ्या आजोबांनी आणि खाणीतल्या गवंड्यांनी बांधलेली. नव्वद वर्षं झाली, एक चीर नाही. तिच्यावर हत्ती चढवला तरी हलायची नाही.”

“असेल.”

“मग?”

रेनोने फावडं बर्फात रुतवलं, ढकललं. बर्फाचा तुकडा कडेवरून सरकून खाली आपटला. त्याचा श्वास फुलला होता, मिशांवर बर्फ धरला होता. त्याने परत फावडं मारलं.

पॅस्को अवजारांच्या खोलीकडे गेला आणि दुसरं फावडं घेऊन आला. शिडी चढताना त्याचे गुडघे वाजले.

“तू उत्तरेकडून ये,” तो म्हणाला. “दाराची बाजू मी घेतो.”